शेवटची ओळ कुणाची? आद्य ख्रिस्ती लेखकांच्या साक्षीने शास्त्राचा पाठ तपासताना

वसईच्या एखाद्या चर्चमध्ये 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना चालू असली, की लोक 'आम्हांला वाइटापासून सोडव' इथे येऊन थांबतात. नगरकडच्या मराठी मंडळीत उपासनेला बसलात तर तीच प्रार्थना आणखी एक ओळ पुढे जाते: 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत.' कॅथलिक मिस्सामध्येही हे शब्द येतात, पण मध्ये धर्मगुरूची एक वेगळी प्रार्थना होऊन गेल्यावर. लहानपणी मला वाटायचे, एकाने ओळ गाळली असेल किंवा दुसऱ्याने पदरची घातली असेल. पुढे कळले की हाच प्रश्न विद्वान लोक गेली काही शतके विचारत आहेत, आणि त्याचे उत्तर शोधताना बायबलच्या हस्तलिखितांइतकेच दुसऱ्या एका ठिकाणी पाहावे लागते. ते ठिकाण म्हणजे पहिल्या चार-पाच शतकांतले ख्रिस्ती लेखक. त्यांनी प्रवचने दिली, भाष्ये लिहिली, भांडणे केली, आणि ते करताना पानोपानी शास्त्रवचने उद्धृत केली. ती वचने आपल्या कामाची.

या लेखकांना धर्मपिते म्हणण्याची रीत आहे. हा लेख नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. ग्रीक किंवा लॅटिन आली तर उत्तम, पण पहिल्या फेरीला त्यावाचून अडत नाही. मत्तय ६:१३ मधली ही एकच ओळ हातात धरून पायरी पायरीने जाऊ.

आधी, हे लेखक कशाला हवेत?

नव्या कराराचा पाठ ठरवायला तीन प्रकारचे पुरावे असतात: ग्रीक हस्तलिखिते, जुनी भाषांतरे (लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक वगैरे) आणि या लेखकांची उद्धरणे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली, तेव्हाही पोथ्यांच्या जोडीला जुने टीकाकार आणि क्षेमेंद्राचा ११व्या शतकातला 'भारतमंजरी' हा संक्षेप तपासला होता. पोथी आज आपल्यासमोर असते, पण ती कधी आणि कुठे लिहिली हे बहुधा अक्षराच्या वळणावरून ताडावे लागते, आणि त्या अंदाजात पन्नास-शंभर वर्षे इकडेतिकडे सहज होतात. लेखकाचे तसे नसते. सिप्रियन हा कार्थेजचा बिशप, २५८ साली त्याला देहदंड झाला. त्याने एखादे वचन एका विशिष्ट शब्दांत दिले असेल, तर तो पाठ २५८च्या आधी उत्तर आफ्रिकेत वापरात होता, हे आपण ठामपणे म्हणू शकतो. साल आणि गाव ही या साक्षीची खरी किंमत.

मात्र साक्षीदार कोर्टात उभा राहिला म्हणजे तो बोलतो ते सगळे लिहून घ्यायचे असे नाही. त्याची उलटतपासणी करावी लागते, आणि पुढच्या पायऱ्या त्याच आहेत.

पायरी १: वादाची एकच जागा निवडा आणि हस्तलिखिते काय म्हणतात ते लिहा

एक वही घ्या. पहिल्या पानावर पोथ्यांची बाजू मांडा. आपल्या ओळीबाबत ती अशी आहे: चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध पोथ्यांत ही ओळ नाही. बेझा या जुन्या ग्रीक-लॅटिन पोथीतही नाही. वॉशिंग्टनला असलेल्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या पोथीत ती आहे, आणि नंतरच्या बहुतेक ग्रीक पोथ्यांत आहे. भाषांतरांमध्ये गंमत दिसते. बोबियोच्या जुन्या लॅटिन पोथीत फक्त सामर्थ्य आहे, दक्षिण इजिप्तच्या साहिदी भाषांतरात दोनच शब्द आहेत, आणि एका जुन्या सिरियाक पाठात राज्य व गौरव आहेत पण सामर्थ्य नाही. एखादी ओळ कुठे एकपदरी, कुठे दुपदरी, कुठे तिपदरी दिसू लागली, की ती लोकांच्या तोंडी वाढत गेली असावी असा संशय घ्यायला जागा होते. पण संशय म्हणजे निकाल नव्हे. पुढे चला.

पायरी २: साक्षीदार गोळा करा

यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, नेस्टले-आलांडच्या ग्रीक नव्या कराराच्या तळटिपा. २०१२ची २८वी आवृत्ती सध्या बऱ्याच अभ्यासकांच्या टेबलावर असते. तिथे लेखकांची नावे तोकड्या खुणांनी दिलेली असतात, त्यांची यादी प्रस्तावनेत सापडते. दुसरी, 'बिब्लिंडेक्स' ही ल्योंच्या 'सूर्स क्रेतिएन' संस्थेची ऑनलाइन सूची. हिचे मूळ स्ट्रासबुर्गला १९७५पासून निघालेल्या छापील खंडांत आहे. वचन टाकले की कुठल्या लेखकाने कुठल्या ग्रंथात त्याला हात घातला, याचे संदर्भ मिळतात.

सूचीतला प्रत्येक संदर्भ म्हणजे उद्धरण, असे मात्र समजू नका. नुसता ओझरता उल्लेखही तिथे नोंदलेला असतो. संदर्भ मिळाला की मूळ ग्रंथ उघडायचा, ही शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवा.

मोफत मिळणारी १९व्या शतकातली इंग्रजी भाषांतरे ही इथली निसरडी जागा. वाचायला ती सोयीची आहेत, मीही त्यांवरच शिकलो. पण त्या भाषांतरकारांची सवय अशी, की शास्त्रवचन आले की ते बरेचदा आपल्या ओळखीच्या किंग जेम्स बायबलातले शब्द टाकून मोकळे होतात. म्हणजे तुम्ही दुसऱ्या शतकातल्या लेखकाची साक्ष म्हणून जे टिपून घ्याल, ते १६११ सालचे इंग्लंड निघण्याची भीती. लेखकाने कुठे काय म्हटले हे शोधायला ती वापरा. शब्द मात्र मूळ भाषेच्या आवृत्तीतून, किंवा ती भाषा येणाऱ्या माणसाला विचारून घ्या.

पायरी ३: हा लेखक बोलतोय की त्याचा नकलनवीस?

या कामातली सगळ्यात अवघड पायरी हीच, म्हणून इथे जरा बसू.

लेखकांचे ग्रंथही हातानेच उतरवले गेले, आणि उतरवणारे बहुतेक मठातले लोक. त्यांना शास्त्र पाठ. समोरच्या ग्रंथात वचन जरा वेगळे दिसले की हात आपोआप ओळखीच्या शब्दांकडे वळायचा. कधी तर मुद्दाम 'दुरुस्ती' व्हायची. त्यामुळे चौथ्या शतकातल्या लेखकाच्या तोंडी दहाव्या शतकातला पाठ येऊन बसतो. भाष्यग्रंथांत हे फार होते. भाष्याच्या प्रत्येक भागाच्या माथ्यावर मूळ वचन दिलेले असते, आणि ते बदलणे नकलनविसाला सगळ्यात सोपे. खाली भाष्यकार ज्या शब्दावर चर्चा करतो तो शब्द वरच्या वचनात नसेलच, तर समजा की वरचे वचन कुणीतरी बदलले आहे. अशा वेळी विश्वास खालच्या चर्चेवर ठेवायचा. नेस्टले-आलांडच्या खुणांमध्येही माथ्यावरच्या वचनाला आणि भाष्यातल्या शब्दांना वेगवेगळी चिन्हे देतात, ती याचसाठी.

यातून एक उपयोगी नियम निघतो. उद्धरण सर्वांच्या ओळखीच्या पाठाशी तंतोतंत जुळत असेल तर सावध व्हा. ते ओळखीच्या पाठापासून फटकून असेल तर ते लेखकाचेच असण्याचा संभव जास्त, कारण नकलनवीस ओळखीच्या दिशेने ओढतो, अनोळखी दिशेने सहसा नाही.

आपल्या ओळीवर हे लावून पाहा. 'दिदाखे' हे आरंभीच्या मंडळ्यांच्या रीतिभातींचे छोटे पुस्तक, पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचे. त्यात प्रभूची प्रार्थना आहे, रोज तीनदा म्हणा असे सांगितले आहे, आणि शेवटी 'कारण सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत' असे शब्द आहेत. पुरावा जुना आहे खरा, पण या पुस्तकाची आपल्याकडची पूर्ण ग्रीक पोथी १०५६ सालची. फिलोथेओस ब्रिएनिओस यांना ती १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. मग नकलनविसाने मत्तयावरून शेपूट जोडले नसेल कशावरून? उत्तर त्या शब्दांतच आहे: इथे 'राज्य' नाही. ११व्या शतकातल्या माणसाने आठवणीतून जोडले असते तर तीनही शब्द आले असते. दोनच आहेत, म्हणून हा पाठ जुना धरता येतो.

एवढ्यासाठीच आवृत्ती कोणती वापरता याला महत्त्व. मीन्यचे १९व्या शतकातले प्रचंड ग्रीक आणि लॅटिन संग्रह सगळीकडे मिळतात, पण त्यांतले बरेचसे पाठ जुन्या छापील पुस्तकांवरून जसेच्या तसे घेतलेले आहेत. व्हिएन्नाची लॅटिन माला, बर्लिनची ग्रीक माला, बेल्जियममधले 'कॉर्पुस क्रिस्तियानोरुम', आणि वर आलेले 'सूर्स क्रेतिएन', यांत पोथ्या ताडून केलेली आवृत्ती असेल तर तीच घ्या. आणि तळाला दिलेले पाठभेद वाचा. त्या ग्रंथाच्या पोथ्या नेमक्या शास्त्रवचनापाशी एकमेकींपासून फुटत असतील, तर तिथे कुणाचा तरी हात फिरला आहे.

पायरी ४: उद्धरण, हवाला की नुसती आठवण?

कीर्तनकार रंगात आला की ओवी म्हणतो, पण एखादा शब्द आपल्या ओघात बदलतो. त्यावरून पोथीतला पाठ ठरवायला कुणी जात नाही. धर्मपित्यांचेही तेच. ते पुष्कळदा पाठ असलेले म्हणतात, मत्तय आणि लूक यांची वाक्ये एकमेकांत मिसळतात, वाक्याच्या सोयीसाठी क्रियापद फिरवतात. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या क्रिस्तपुराणातल्या ओव्यांवरून त्यांच्यासमोरच्या बायबलमधला एकेक शब्द काढता येणार नाही. कथा मिळेल, पाठ नाही.

वहीत प्रत्येक नोंदीसमोर तीनपैकी एक खूण करा: शब्दशः उद्धरण, सैल उद्धरण, नुसता उल्लेख. त्यांच्याही वर एक चौथी जात आहे, आणि ती सापडली तर पानावर मोठी चांदणी काढा: लेखक स्वतः एखाद्या शब्दावर चर्चा करतो किंवा 'काही प्रतींत असे आहे, काहींत तसे' म्हणून सांगतो. ओरिगेन हा यातला राजा. अलेक्झांड्रियात घडलेला, पुढे पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात स्थिरावलेला, २५०च्या सुमारास छळ सोसून लवकरच वारलेला. योहान १:२८ वर तो सांगतो की जवळजवळ सगळ्या प्रतींत 'बेथानी' आहे. मग स्वतःच भूगोल काढतो, यार्देनेकाठी त्या नावाचे गाव नाही म्हणतो, आणि 'बेथाबारा' बरे असे ठरवतो. इथे त्याचे मत आपण बाजूला ठेवू शकतो. 'जवळजवळ सगळ्या प्रतींत बेथानी' ही बातमी मात्र सोन्यासारखी आहे, कारण ती त्याच्या स्वतःच्या आवडीच्या विरुद्ध जाते.

पायरी ५: गप्प बसणे कधी मोजायचे

एखाद्याने वचन उद्धृत केले नाही म्हणजे त्याच्या प्रतीत ते नव्हते, असे म्हणणे बहुतेक वेळा चूक. माणूस सगळेच कशाला उद्धृत करेल? पण तो प्रार्थनेचा एकेक शब्द घेऊन अर्थ सांगत असेल आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबत असेल, तर ते थांबणे ऐकू येते.

आपल्या नशिबाने असे तीन जण आहेत. तेर्तुलियन, कार्थेज, २००च्या आसपास: प्रार्थनेवर पुस्तिका लिहितो आणि हिला अवघ्या शुभवर्तमानाचा सारांश म्हणतो. सिप्रियन, त्याच गावचा, सुमारे ५० वर्षांनी. आणि ओरिगेन, कैसरियात, २३३-३४च्या सुमारास. तिघेही 'वाइटापासून सोडव' इथे संपवतात. राज्य, सामर्थ्य, गौरव यांवर अवाक्षर नाही.

तिघांत ओरिगेनचे मौन सर्वांत बोलके. मत्तयातली आणि लूकमधली प्रार्थना तो शेजारी शेजारी ठेवतो. लूकमध्ये 'तुझी इच्छा पूर्ण होवो' नाही हे नोंदवतो, 'वाइटापासून सोडव' नाही हेही नोंदवतो, 'रोजची' भाकर या अर्थाचा ग्रीक शब्द इतर ग्रीकांत कुठेच आढळत नाही, सुवार्तिकांनीच तो घडवला असावा, असे म्हणतो. एवढा डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस मत्तयातली आख्खी ओळ सोडून देईल का? मला तरी नाही वाटत.

तेर्तुलियनच्या बाबतीत मी एवढा निश्चिंत नसतो. त्याच्याकडे 'तुझी इच्छा पूर्ण होवो' हे 'तुझे राज्य येवो'च्या आधी येते. सिप्रियन 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस'ऐवजी 'आम्हांला परीक्षेत नेले जाऊ देऊ नकोस' असे देतो, आणि पुढे उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टिन सांगतो की पुष्कळ लोक प्रार्थना तशीच म्हणतात. म्हणजे या दोघांच्या कानात पोथीपेक्षा मंडळीत म्हटली जाणारी प्रार्थना घुमत असू शकते. रोज ओठांवर असलेल्या मजकुराबाबत हा प्रश्न नेहमी विचारावा: याने वाचून लिहिले की म्हणून म्हणून?

पायरी ६: कोणत्या भाषेत उरले आहे ते पाहा

इथे थोडक्यात आटोपतो. इरेनियसने ल्योंमध्ये १८०च्या सुमारास ग्रीकमध्ये लिहिले, पण त्याचा मोठा ग्रंथ पूर्ण स्वरूपात लॅटिनमध्येच उरला आहे. ग्रीकचे तुकडे आहेत, शेवटचे दोन भाग आर्मेनियनमध्येही आहेत. भाषांतरकाराने वचने इरेनियसची ठेवली की आपल्या लॅटिन बायबलातली घातली, हे दर वेळी तपासायचे. ओरिगेनचे रोमकरांस पत्रावरचे भाष्य रुफिनुसने लॅटिनमध्ये आणताना बरेच आखडले. अशा नोंदींना वहीत वेगळ्या शाईने लिहा.

पायरी ७: साल आणि गाव लावा

आता रकाने भरा. ओळ नसल्याची साक्ष: कार्थेज (दोनदा) आणि कैसरिया, तिसरे शतक. ओळ असल्याची: दिदाखेत दुपदरी, अपोस्तलिक कॉन्स्टिट्यूशन्स या ३८०च्या सुमाराच्या सीरियातल्या संग्रहात, आणि ३९०च्या सुमारास अंत्युखियात मत्तयावर प्रवचने देणाऱ्या योहान ख्रिसोस्तोमकडे, जो त्या शब्दांवर रीतसर बोलतो. नकाशा काढलात तर ओळीच्या बाजूचे ठिपके पूर्वेकडे, सीरियाच्या अंगाने गोळा होताना दिसतील. पोथ्यांची बाजू याला जोडा, पहिला इतिहास २९ मधली 'हे परमेश्वरा, महिमा, पराक्रम, शोभा... राज्य तुझेच' या धाटणीची दाविदाची प्रार्थना आठवा, म्हणजे बहुतेक अभ्यासक काय म्हणतात ते लक्षात येईल: उपासनेत प्रार्थनेनंतर म्हटला जाणारा स्तुतीचा घोष हळूहळू मत्तयाच्या पोथ्यांत उतरला. मलाही तेच पटते. आणि तरीही ही ओळ म्हणणारी मंडळी दिदाखेच्या काळापासूनची रीत पाळते आहे, हेही याच वहीत लिहिलेले आहे.

एक मोह टाळा

'सगळी हस्तलिखिते जळाली तरी धर्मपित्यांच्या उद्धरणांतून अकरा वचने सोडून सगळा नवा करार परत उभा करता येईल', हे वाक्य प्रवचनांत फार चालते. ते १८व्या शतकातल्या लॉर्ड हेल्स नावाच्या स्कॉटिश न्यायाधीशाच्या एका ऐकीव गोष्टीवरून आले आहे. पायरी ३ आणि ४ करून पाहिलेल्या माणसाला त्यातली फट लगेच दिसते. नवा करार आधीच हातात असतो म्हणून ते तुकडे आपल्याला ओळखू येतात. तो नसता तर कुठले वचन, कुठला लेखकाचा ओघ, आणि काय कशानंतर येते, हे ठरवणार कसे?

उलटाही मोह असतो, 'हे लेखक काय, मनाला येईल तसे उद्धृत करतात' म्हणून सगळेच फेकून देण्याचा. त्यावर हे उदाहरण ठेवा. लूक ११:२ मध्ये 'तुझे राज्य येवो'च्या जागी 'तुझा पवित्र आत्मा आमच्यावर येवो आणि आम्हांला शुद्ध करो' असा पाठ ११व्या आणि १२व्या शतकांतल्या दोन ग्रीक पोथ्यांत आहे. एवढ्या उशिराच्या पोथ्या पाहून कुणीही म्हणेल, एखाद्या संन्याशाची लहर. पण चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी लूकचा पाठ म्हणून नेमके हेच सांगतो. मूळ पाठ तो असो वा नसो, त्याचे वय त्या पोथ्यांपेक्षा सातशे वर्षांनी मागे गेले, ते एका लेखकामुळे.

घरी करून पाहण्यासाठी दोन जागा

मार्क १६:९-२०. सिनाई आणि व्हॅटिकन पोथ्या आठव्या वचनावर थांबतात. चौथ्या शतकातला कैसरियाचा बिशप युसेबियस म्हणतो, अचूक प्रतींत शेवट तिथेच होतो. ५व्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोम हेदिबिया नावाच्या बाईला लिहिलेल्या पत्रात जवळपास तेच सांगतो. पण वहीत दोन साक्षी लिहायची घाई करू नका: जेरोमचे शब्द युसेबियसवरूनच घेतलेले दिसतात, म्हणून ती दीड साक्षही होत नाही. दुसऱ्या बाजूला इरेनियस मार्कच्या शेवटी असलेले वचन म्हणून १६:१९ देतो, त्या दोन पोथ्यांच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी. हा गुंता तुमचा तुम्ही सोडवा.

दुसरी जागा, प्रकटीकरण १३:१८. इरेनियस तक्रार करतो की काही लोक श्वापदाची संख्या ६१६ सांगतात, वास्तविक चांगल्या आणि जुन्या सगळ्या प्रतींत ६६६ आहे. ही चांदणीची नोंद, कारण तो स्वतः प्रती ताडतो आहे. वहीत मात्र तिचे दोन भाग करा: ६६६च्या बाजूने त्याचे मत, आणि १८०च्या सुमारास ६१६ वाचणाऱ्या प्रती होत्या ही बातमी. पाचव्या शतकाच्या एफ्राइम पोथीत ६१६ होतेच. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून निघालेला एक पपायरस १९९९ साली प्रसिद्ध झाला, तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या संधीवरचा. त्याच्या फाटक्या तुकड्यावरही संख्या शाबूत आहे, आणि ती ६१६ आहे.